शिक्षकाच्या बाजूचा ब्रेक

आमच्या घरात मास्तरांची संमती हवी असली की प्रश्न त्यांच्या तोंडाला विचारायचा आणि उत्तर त्यांच्या उजव्या पायात बघायचं, अशी पद्धत होती. ती ताईने पाडली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण आणि मास्तर म्हणजे तिचा नवरा. मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवतात. मी नात्याने त्यांना भाऊजी म्हणायला हवं, पण त्यांनी मलाही गाडी शिकवली आणि तीत इतकं ऐकवलं, की त्यानंतर भाऊजी हा शब्द काही तोंडात बसला नाही.

शिकवणीच्या गाडीत ब्रेकची पेडलं दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरं शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या. दोन्ही एका लोखंडी दांडीने जोडलेली. शिक्षकाने आपलं दाबलं की शिकणाऱ्याचंही आपोआप खाली जातं आणि गाडी थांबते. या शेजारच्या सीटवर मास्तरांनी एकतीस वर्षं काढली. इतक्या वर्षांनी माणूस संध्याकाळी घरी आला, की पाय मागे गाडीतच राहील अशी अपेक्षा करण्यात अर्थ नसतो.

मास्तर सोफ्यावर बसत. समोर बातम्या चालू. मंत्री काहीतरी आश्वासन देई आणि मास्तरांचा उजवा पाय हलकेच पुढे सरकून गालिचा दाबी. त्यांना पत्ता नसे. ताई म्हणे, "स्वयंपाकघराला पिवळा रंग देऊ या का?" मास्तर म्हणत, "दे की, मला काय!" आणि पाय खाली. ताई पांढरा रंग आणायला सांगे. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. आमच्या मास्तरांचे सोफ्यावर दिसत. त्या जागी गालिच्याचे केस उडून चांगलं बशीएवढं टक्कल पडलं होतं. मास्तरांचं म्हणणं, गालिचाच हलका निघाला.

गंमत अशी, की खुद्द गाडीत मात्र हा पाय हलत नसे. तो मास्तरांचा अभिमानाचा विषय. "एकतीस वर्षांत हा ब्रेक मी चार वेळा दाबलाय," ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत. "एकदा कुत्रं आडवं आलं. एकदा समोरच्या हातगाडीवरून फ्रिज पडला. एकदा विद्यार्थ्याला शिंक आली आणि त्याने त्या आनंदात स्टिअरिंगच सोडलं. आणि एकदा लायसनचे परीक्षक स्वतः रस्ता ओलांडत होते." चौथ्या प्रसंगी दाबायला नको होता असं मत असलेले बरेच विद्यार्थी गावात आहेत. ते असो. ब्रेक शिकणाऱ्याने दाबायचा, शिक्षकाने फक्त बसायचं, हे त्यांचं तत्त्व. आणि त्यांचे विद्यार्थी पहिल्या फटक्यात पास होत, हेही खरं.

अशा माणसाची मुलगी दोन वेळा नापास झाली.

मुलीला आम्ही घरात ठकी म्हणतो. ती जनावरांची डॉक्टर आहे. तिला तीन तासांवरच्या डोंगराळ भागातल्या दवाखान्यात नेमणूक मिळाली होती. तिथे जनावरं डॉक्टरकडे येत नाहीत, डॉक्टरने जनावरांकडे जायचं असतं. त्यामुळे नेमणुकीच्या पत्रात स्वच्छ अट होती: एक तारखेला हजर होताना गाडीचं लायसन दाखवावं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. ठकी ही बातमी घेऊन आली तेव्हा मास्तर म्हणाले, "वा! फारच छान! लायसनचं काय, ते तर घरचंच काम आहे." ताईने आणि मी सवयीने खाली बघितलं. पाय टाचेपर्यंत गालिच्यात रुतला होता.

"चहा टाकते," ताई म्हणाली.

मास्तरांनी शिकवणीच्या दोन गाड्यांपैकी एक ठकीसाठीच बाजूला ठेवून सहा महिने रोज सकाळी तिला शिकवलं. त्यात त्यांनी काडीची कसूर ठेवली नाही. ठकी गाडी झोकात चालवायची. मी एकदोनदा मागे बसलो होतो. प्रत्येक चौकात पांढऱ्या रेघेच्या आत गाडी अशी अलगद थांबायची, की मागच्या माणसाची झोप मोडू नये. माझी मोडली नाही.

परीक्षा मात्र परीक्षा कार्यालयाच्या गाडीत द्यावी लागते. तिथे शेजारी परीक्षक असतो आणि त्याच्या पायाशी नुसता रबरी पायपोस. पहिल्या खेपेला ठकीची गाडी थांबण्याच्या रेघेवरून दोन हात पुढे गेली. दुसऱ्या खेपेला तीन हात.

"मी पाय ब्रेकवर ठेवला होता," ती घरी येऊन म्हणाली. "शपथेवर सांगते. त्यांचा ब्रेकच लागत नाही."

"सरकारी गाड्या," मास्तर म्हणाले. "देखभाल म्हणून नाही." आणि घरच्या गाडीत तिला परत फेरी मारायला नेलं. पांढऱ्या रेघेच्या आत, अलगद.

तिसऱ्या परीक्षेचा अर्ज भरून ठकीने माझ्याकडे दिला. मी निवृत्त माणूस, वरच्या मजल्यावर एकटा राहतो, कार्यालय माझ्या फिरण्याच्या वाटेवर. "मामा, आजच दे हं." मी म्हटलं, "हा निघालोच." पाच दिवसांनी कोट धुवायला टाकताना तो आतल्या खिशात सापडला. घडीसुद्धा मोडली नव्हती. मी धावतपळत नेऊन दिला. खिडकीतल्या बाईंनी रजिस्टर चाळलं आणि मधल्या तारखा भरल्याचं सांगितलं. मिळाली ती अठ्ठावीस. म्हणजे एक तारखेच्या आधीची शेवटची. ही गेली की नोकरी गेली.

"वय झालं," मी घरी सांगितलं.

"माझ्या लग्नाचा अहेर तू सहा महिने कपाटात विसरला होतास," ताई म्हणाली, "तेव्हा वीस वर्षांचा होतास."

मी विषय बदलला.

त्याच आठवड्यात गाडी दुरुस्तीला गेली. आमच्या मेकॅनिकला सगळे पाना म्हणतात. तो कमी बोलतो आणि बोलायच्या आधी हात पुसतो. संध्याकाळी गाडी घेऊन तो स्वतः आला. सगळे जेवायला बसलो होतो. त्याने हात पुसले आणि खिशातून एक रबराचा तुकडा काढून मास्तरांच्या ताटाशेजारी ठेवला.

"हे काय?" मास्तर.

"तुमच्या बाजूच्या ब्रेकचं रबर."

"मग?"

"सहा महिन्यांपूर्वी दोन्ही बाजूंना नवं घातलं होतं. तेव्हा यावर रेघा होत्या." पान्याने बोट फिरवून दाखवलं. रबर आरशासारखं गुळगुळीत होतं. "ठकीताईंच्या बाजूचं बघितलं. ते कोरं आहे. म्हटलं, माझी काही चूक झाली का, उलटसुलट बसवलं का."

 ठकी हातातला घास तसाच धरून रबराकडे बघत होती. दोन आणि दोन चार करायला तिला वेळ लागत नाही. न बोलणाऱ्या रोग्यांची सवय आहे.

"म्हणजे बाबा, ब्रेक तुम्ही दाबत होतात," ती हळूच म्हणाली. "माझा पाय वर असायचा, आणि पेडल खाली जायचं. मला वाटायचं, मीच दाबला."

"काहीतरीच! मी एकतीस वर्षांत चार..."

"कुत्रं, फ्रिज, शिंक आणि परीक्षक," ताई म्हणाली. "पाठ आहे. पाचवी ही."

"अगं, मी कशाला दाबेन? मुलगी डॉक्टर झाली, स्वतःच्या पायावर उभी राहतेय, आणि मी तिच्या वाटेत येईन? मला तिने जायला हवंय! मनापासून हवंय!"

मास्तर हे अगदी खरं बोलत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. पण आम्ही चौघं त्यांच्या डोळ्यांकडे बघतच नव्हतो. आम्ही टेबलाखाली बघत होतो. पान्यालाही आमची पद्धत दोन मिनिटांत समजली होती.

मग मास्तरांनीही वाकून खाली बघितलं. पायाने फरशी इतकी दाबून धरली होती की चपलेचा अंगठा बाहेर आला होता. त्यांनी तो थोडा वेळ बघितला, एखाद्या पाहुण्याला आपल्या घरात बघावं तसा. मग तो मागे घेतला. तो पुन्हा पुढे गेला.

"हे केव्हापासून चाललंय?" त्यांनी विचारलं.

"पिवळ्या रंगाच्या आधीपासून," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी पायाविरुद्ध मोहीम उघडली. आधी गाडीत चप्पल काढून बसले. पाय अनवाणी गेला. मग उजवा पाय डाव्याखाली अडकवून बसले. वळणावर दोघांचं झटापटीचं दृश्य दिसलं आणि उजवा सुटला. मग थेट सीटवर मांडी घालून बसले, तर शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्याने गाडी थांबवून, आजोबांची तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी केली. ठकीला गावातल्या दुसऱ्या शिक्षकाकडे पाठवावं असं मी सुचवून बघितलं. पण त्या शिक्षकाचे विद्यार्थी ब्रेकऐवजी हॉर्न वापरतात, यावर मास्तरांचं आणि वाहतूक पोलिसांचं एकमत होतं.

मास्तरांची झोप उडाली. आता मात्र त्यांचं खरंच काही चुकत नव्हतं. ते जाणूनबुजून काही करतच नव्हते. आणि जे आपण करतच नाही ते थांबवायचं कसं, हे त्यांनी मलाही विचारलं. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

अठ्ठावीस तारखेला दहा दिवस उरले तेव्हा ठकी पान्याच्या दुकानात गेली. जाताना मला घेऊन गेली.

"दांडी काढून टाका," ती म्हणाली.

पान्याने हात पुसले. "म्हणजे दुसऱ्या बाजूचा ब्रेक बंद?"

"पेडल तसंच राहू दे. स्प्रिंगही. पायाला लागलं पाहिजे. फक्त माझ्या पेडलशी जोडलेलं नको. नवं रबरही घाला."

"साहेबांना कळलं तर?"

"कसं कळेल?" ठकी म्हणाली. "ते दाबतच नाहीत ना!"

पान्याने यावर बराच वेळ विचार केला आणि त्याला त्यात खोट सापडली नाही. जो ब्रेक आपण दाबत नाही, तो लागत नाही हे आपल्याला कळणार तरी कुठून? तो गाडीखाली गेला. मला ठकीने दम भरला. "मामा, ही गोष्ट मात्र विसरून जा. तुला जमेल."

फक्त रस्त्यावर जायचं नाही, असं तिचं तिनेच ठरवलं. गावाबाहेर बंद पडलेल्या गोदामांसमोर मोठं मोकळं आवार आहे. तिथे खडूने रेघ मारली आणि रेघेपलीकडे रिकामी खोकी रचली. मास्तरांना सांगितलं, परीक्षेचा सराव. मी मागे बसलो. पट्टा बांधला. वरून हातानेही धरला.

पहिल्या फेरीला रेघ जवळ आली. मास्तरांचा पाय गेला खाली. मला मागून त्यांच्या पोटरीची शीर दिसली. ठकीचा पाय ब्रेकवर होता. गाडी शांतपणे रेघ ओलांडून खोक्यांत शिरली. तीन खोकी टपावरून मागे गेली.

"अगं, दाबला का नाहीस?" मास्तर ओरडले.

ठकी स्टिअरिंग धरून समोर बघत होती. तिचा रंग उतरला होता. "बाबा, मला वाटलं, मी दाबलाय," ती म्हणाली. "आत्तासुद्धा. अगदी शंभर टक्के."

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की गुन्हेगार एकटा पाय नव्हता. सहा महिने ते पेडल त्या दोघांनी मिळून दाबलं होतं. एकाला आपण दाबतोय हे माहीत नव्हतं आणि दुसरीला आपण दाबत नाही हे.

दुसऱ्या फेरीला ठकीने असा ब्रेक मारला की माझं नाक पुढच्या सीटला भेटून आलं. तिसऱ्या फेरीला फक्त माझी टोपी उडाली. चौथ्या दिवशी रेघेच्या आत, पण उडी मारून. सातव्या दिवशी अलगद. या सगळ्या काळात मास्तर शेजारी बसून दर वळणावर, दर रेघेला इमानेइतबारे दाबत होते आणि प्रत्येक फेरीनंतर खाली बघून म्हणत होते, "आज नाही हं दाबला! जमतंय मला."

"छान, बाबा," ठकी म्हणे. "असंच चालू ठेवा."

अठ्ठावीस तारखेला आम्ही कार्यालयाच्या भिंतीला टेकून उभे राहिलो. ताई आली नाही. तिला अचानक कपाटं आवरायची होती. कार्यालयाची गाडी पटांगणाला वळसा घालून रेघेकडे आली. मास्तरांनी माझा दंड धरला. गाडी रेघेच्या आत थांबली. परीक्षकाच्या हातातला पेनही हलला नाही. मास्तरांच्या बुटाखालची फरशी मी बघितली नाही. एखाद्या दिवशी बघू नये.

संध्याकाळी घरात मास्तरांचाच विजय साजरा होत होता. "मनावर ताबा पाहिजे, ताबा! दहा दिवसांत एकदाही नाही दाबला. पोरगी पास कशी होणार नाही?"

एवढ्यात पाना आला. त्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली लांबट वस्तू होती. मला त्याला दारातूनच परत फिरवायचं होतं, पण तो प्रामाणिक माणूस.

"साहेब, उद्या गाडी आणा. दांडी परत जोडून देतो. आता तुमचे बाकीचे विद्यार्थी बसतील, तसं धोक्याचं."

"कसली दांडी?"

पान्याने वर्तमानपत्र सोडलं.

मास्तरांनी दांडी हातात घेतली. उलटीसुलटी करून बघितली. "केव्हा काढली?"

"दहा दिवस झाले."

ते उठून बाहेर गेले. आम्ही खिडकीतून बघत होतो. त्यांनी गाडीचं दार उघडलं, आपल्या बाजूचं नवं रबर बोटांनी चाचपलं. दहा दिवसांतच त्यावरच्या रेघा पुसट व्हायला लागल्या होत्या. मग पलीकडे जाऊन ठकीच्या बाजूचं चाचपलं. तिथे वाकून बराच वेळ राहिले. ठकी नखं खात होती.

आत आले तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. पायावरूनही कळेना, ते उभेच होते.

"म्हणजे सगळं हिनेच केलं," ते म्हणाले.

"हो," ठकी म्हणाली.

"खोकीसुद्धा?"

"खोकीसुद्धा."

मास्तरांनी दांडी पान्याच्या हातात ठेवली. "जोडू नकोस. माझं पेडलही काढून टाक. खाली भोक राहील, ते नीट बुजव, पाणी येता कामा नये. शिकवायला मला दुसरी गाडी आहे. ही ठकी घेऊन जाईल." मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्या सीटवर तिला औषधांची पेटी ठेवता येईल."

एक तारखेला सकाळी सहाला ठकी निघाली. ताई पहाटेपासून कुणाला काही बोलू देत नव्हती. डबा, पाणी, पांघरूण, सगळं तिने यादी करून मोजून ठेवलं होतं. माझ्याकडे एकच काम होतं. ते आदल्या दिवशी दुपारीच उरकलंय असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. ठकी गाडीत बसली, हात हलवला, कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. ताई लगेच आत गेली, आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी कोटाच्या खिशात हात घातला आणि बोटांना काहीतरी कडक लागलं.

ठकीचं लायसन. झेरॉक्स काढून आणायला माझ्याकडे दिलेलं.

"अरे कर्मा!" मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग शोधायचा मी खूप प्रयत्न केला. सापडला नाही.

मी फोन केला. ती म्हणाली, "मामा..." आणि फोन ठेवला. वीस मिनिटांत परत आली.

आत जाऊन बघतो तर ताईने टेबलावर चार कप मांडले होते. चहा गाळून तयार. ठकी गेल्यावर लगेच आधण ठेवलं असणार, म्हणजे माझा हात खिशात जायच्याही आधी.

"चार?" ठकीने विचारलं.

ताईने कप मोजले. पुन्हा मोजले. "सवयीने मांडले गेले," ती म्हणाली. "आता टाकून थोडाच द्यायचाय! पी."

ठकीने उभ्याउभ्या चहा प्यायला. लायसन स्वतःच्या पाकिटात ठेवलं. मग माझे कोटाचे चारही खिसे तपासले, माझा चष्मा मला परत दिला आणि ताईच्या पदराच्या गाठीतून नेमणुकीच्या गावातल्या खोलीची किल्ली सोडवून घेतली. ती तिथे कशी गेली हे ताईला खरोखर माहीत नव्हतं.

"अजून कुणाकडे माझं काही?"

आम्ही तिघांनी माना हलवल्या. एवढ्या प्रामाणिकपणे आम्ही आयुष्यात कधी मान हलवली नसेल, आणि तिने त्यावर विश्वास ठेवला नाही. पुन्हा सगळ्या पिशव्या बघितल्या.

गाडीत बसून तिने इंजिन चालू केलं. मग काच खाली केली.

"बाबा, पाय."

मास्तरांनी खाली बघितलं. पाय फाटकाजवळच्या मातीत गेला होता. त्यांनी तो ओढून काढला आणि जमिनीपासून वीतभर वर धरला. तोल जाऊ लागला तसा माझा खांदा धरला. गाडी निघाली. आमच्या गल्लीच्या टोकाला वळण आंधळं आहे, तिथे थांबून बघावंच लागतं. एकतीस वर्षं मास्तर हेच सांगत आलेत. त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतत चालली होती. पाय हवेत थरथरत होता, पण वरच होता.

टोकाला मागचे दोन्ही लाल दिवे लागले. गाडी थांबली. मग दिवे विझले आणि ती वळली.

"लागला," मास्तर म्हणाले, आणि पाय खाली टेकला.